ऐकायचे कोणाचे? आपत्कालीन प्रशिक्षणाचा इतिहास

माझ्या इंटर्नशिपमधली एक रात्र. बस अपघातातले जखमी एकदम कॅज्युअल्टीत आले. चार वरिष्ठ चार सूचना देत होते. एका रुग्णाला दोनदा एक्स-रेला नेले, दुसरा कोपऱ्यात स्ट्रेचरवर तसाच पडून राहिला. डॉक्टर कमी नव्हते, सलाईनही भरपूर होत्या. फक्त ऐकायचे कोणाचे, हे कोणालाच माहीत नव्हते.

तुम्हाला वाटेल, हा आपल्याकडचाच गोंधळ. तसे नाही. 1970 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले. 13 दिवसांत 16 माणसे गेली, सातशेच्या आसपास इमारती जळाल्या. नंतर तपासणी झाली तेव्हा दिसले की माणसे आणि बंब असूनही वेगवेगळ्या दलांचा आपसात मेळ नव्हता. साधा 'टँकर' शब्द घ्या. कोणाला त्यावरून पाण्याचा ट्रक समजे, तर कोणाला आग विझवणारे विमान! यातून 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' तयार झाली.

तिचे नियम वाचले तर फार साधे वाटतात. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. एका वरिष्ठाच्या हाताखाली साधारण तीन ते सात माणसे, शक्यतो पाच. सांकेतिक आकडे न वापरता सरळ भाषेत बोलायचे. मला सर्वांत आवडलेला नियम असा, की घटनास्थळी पहिला पोचलेला जबाबदार माणूस प्रमुख होतो. मागून मोठा साहेब आला म्हणून सूत्रे आपोआप त्याच्याकडे जात नाहीत, ती रीतसर सांगून सोपवावी लागतात. (आमच्या व्यवसायात हे पचवायला जड जाते!)

मग प्रशिक्षण सक्तीचे का करावे लागले? 11 सप्टेंबर 2001 मुळे. न्यूयॉर्कमध्ये पोलीस आणि अग्निशामक दल यांची रेडिओ यंत्रणा वेगवेगळी होती. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जे दिसत होते, ते उत्तरेकडच्या मनोऱ्यातल्या जवानांपर्यंत थेट पोचत नव्हते. शेजारचा मनोरा कोसळला, हेही आतल्या अनेकांना कळले नाही. त्या दिवशी अग्निशामक दलाचे 343 जण गेले. 2003 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, 2004 मध्ये देशभरासाठी एकच पद्धत जाहीर झाली. ती न स्वीकारणाऱ्या राज्यांना आणि शहरांना आपत्ती-पूर्वतयारीचा केंद्रीय निधी मिळणार नव्हता. पैसे अडले की शिकणे होते, हे तिथेही खरे ठरले. पोलीस, बंबवाले, रुग्णवाहिकेतले कर्मचारी, रुग्णालयातले लोक, सगळे एकाच अभ्यासक्रमाला बसू लागले.

आपल्याकडे 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि 2010 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. जिल्ह्यात मुख्य जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. कागदावर सगळे नीट आहे. सराव मात्र वरचेवर व्हायला हवा, कारण ऐन वेळी हात सवयीनेच चालतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर 108 ला फोन एकानेच करा. जागा, जखमींची संख्या, कोण बेशुद्ध आहे, एवढे साध्या शब्दांत सांगा. रुग्णालयातही डॉक्टरांशी नातेवाइकांपैकी एकालाच बोलू द्या.