सायकल कोणाची, रस्ता कोणाचा?

मागच्या महिन्यात लेक चार वर्षांची झाली आणि शाळेत जायला लागली. इथे नेदरलँड्समध्ये शाळेसाठी जूनची वाट बघावी लागत नाही, मूल चार वर्षांचं झालं की थेट वर्गात. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "हिची सायकल कुठेय?" मी म्हटलं, अहो, चारच वर्षांची आहे ती. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मुलीला अनवाणीच शाळेत आणलंय!

आमच्या डेल्फ्टमधल्या शाळेबाहेरचं सकाळचं दृश्य बघण्यासारखं असतं. पुढे लाकडी खोका बसवलेली लांबलचक सायकल, तिला 'बाकफिट्स' म्हणतात. त्या खोक्यात दोन पोरं, एक दप्तर आणि भाजीची पिशवी. वरून पाऊस, समोरून वारा, आणि चालवणारी आई फोनवर बोलतेय. आठ-नऊ वर्षांची मुलं तर एकेकटीच येतात. हेल्मेट जवळजवळ कोणाच्याच डोक्यावर नाही. सुरुवातीला माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

मग मी स्वतःची समजूत घातली, की यांच्या रक्तातच आहे ते. सपाट देश, लहान गावं, थंड हवा. आपल्याला कसं जमणार? हेच मी एकदा शेजारच्या आजींना बोलून दाखवलं. आजी ऐंशीच्या घरातल्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रक्तात वगैरे काही नाही. माझी मुलं लहान होती तेव्हा मी त्यांना एकटं रस्त्यावर सोडत नव्हते."

झालं! त्या शनिवार-रविवारी मी जुना इतिहास उकरत बसलो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी इथे सायकली भरपूर होत्या हे खरं. पण १९५०-६० च्या दशकांत हातात पैसा आला, गाड्या आल्या आणि शहरं गाड्यांसाठी कापायला सुरुवात झाली. उत्रेख्त शहराने तर जुन्या कालव्याच्या एका भागातलं पाणी काढून तिथे मोटार-रस्ता केला. सायकल म्हणजे मागे पडलेल्या माणसाचं वाहन. ओळखीचं वाटतंय ना?

त्याची किंमतही मोजावी लागली. १९७१ साली सव्वा-दीड कोटी वस्तीच्या या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात चारशेहून अधिक मुलं होती. त्याच वर्षी फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेच्या वाटेवर गाडीखाली सापडून गेली. पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, त्याने 'द टाइड' या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांचे खून थांबवा'.

मला या मथळ्यातला शब्द महत्त्वाचा वाटतो. तोवर सगळे त्याला 'अपघात' म्हणत होते. अपघात म्हणजे नशीब, कोणाचा दोष नाही, फार तर मुलांनी नीट बघून चालायला हवं होतं. शिवाय 'किंडरमोर्ड' म्हटलं की इथल्या माणसाला बायबलमधला बाळांना मारणारा राजा हेरोद आठवतो. आपल्याला कंस आठवावा तसा. एका बापाने आपल्या वाहतुकीच्या व्यवस्थेला सरळ कंस म्हटलं!

त्या नावाने पालकांची संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये व्हान पुटन ही तरुण आई होती (पुढे ती युरोपियन संसदेत गेली). ही मंडळी रस्ते अडवायची, मुलांना खेळता यावं म्हणून गल्ल्या बंद करायची, पंतप्रधानांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हणायची. अ‍ॅमस्टरडॅमच्या 'द पाइप' या कामगार वस्तीतल्या मुलांनीही आपली गल्ली खेळायला मागितली. चिडलेल्या गाडीवाल्यांशी बाचाबाची झाली, ती १९७२ च्या एका टीव्ही माहितीपटात दिसते. म्हणजे 'आमच्या पार्किंगचं काय?' हा प्रश्न फक्त पुण्यातला नाही, बरं का.

मग नशिबानेही हात दिला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अरब देशांनी नेदरलँड्सचं तेल बंद केलं. ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार गाड्यांना बंदी आली. लोक मोटारवेवर सायकली आणि स्केट्स घेऊन उतरले. गाड्या नसल्या तर शहर कसं दिसतं, हे सगळ्यांना फुकटात बघायला मिळालं. १९७५ मध्ये सायकलस्वारांची स्वतंत्र संघटना आली. टिलबर्ग आणि द हेग इथे सरकारी पैशातून सायकलमार्गांचे प्रयोग झाले, हेगमध्ये दुकानदारांनी विरोधही केला. आमच्या डेल्फ्टमध्ये 'वोनर्फ' जन्माला आला, म्हणजे अशी गल्ली जिथे माणसं आणि मुलं यजमान, आणि गाडी पाहुणी. १९७६ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली.

पुढे १९९० च्या दशकात रस्ते बांधण्याचं तत्त्वच बदललं. माणूस चुकणारच, तेव्हा चूक झाली तरी जीव जाऊ नये असा रस्ता करा. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात, की युजर चुकीचं बटण दाबणारच, सिस्टिम कोसळता कामा नये. कोड लिहिताना आम्हाला हे पटतं, रस्त्यावर मात्र आपण युजरलाच शिव्या देतो.

२०१० साली इथे रस्त्यांवर गेलेल्या मुलांची संख्या १४ वर आली होती. सगळं आलबेल आहे असं नाही. २०२२ मध्ये २९१ सायकलस्वार गेले, त्यात ज्येष्ठ मंडळी बरीच. पण चारशेचे चौदा झाले, ते रक्तामुळे नाही. भांडल्यामुळे.

आता आपल्याकडचं. माझे बाबा पुण्यात सायकलवरून कॉलेजला जायचे, पुणं सायकलींचंच शहर होतं तेव्हा. मीही सातवीपर्यंत सायकलवर शाळेत जायचो. आठवीत असताना आमच्या वर्गातला एक मुलगा क्लासला जाताना गेला. ट्रक होता. शाळेत दोन मिनिटं शांतता पाळली. पुढच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या सगळ्या मुलांच्या सायकली बंद झाल्या. रिक्षा लागल्या, पुढे अठरा झाल्यावर बाइक आली. त्या ट्रकबद्दल, त्या चौकाबद्दल कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आमचे आई-बाबा चुकले असं मी म्हणणार नाही. मीही तेच केलं असतं. पण तीच घटना, आणि दोन उत्तरं. इथल्या आई-बापांनी गाड्यांकडून रस्ता काढून घेतला, आमच्या आई-बापांनी आमच्याकडून सायकल काढून घेतली. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसं गेली. आपण अजूनही त्याला अपघातच म्हणतो.

दोन-तीन वर्षांत परत यायचं आमचं ठरलंय. लेक तेव्हा सहा-सात वर्षांची असेल, त्या पत्रकाराच्या मुलीएवढी. तेव्हा मी काय करीन? सायकल माळ्यावर टाकीन, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून समोरच्या चौकाबद्दल बोलीन? खरं सांगायचं तर माहीत नाही. मीटिंगमध्ये बोलायची मला भयंकर भीती वाटते.

असो. काल एक जुनी लाल सायकल घेतली, पंचवीस युरोला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. आई म्हणाली, "अरे, रस्त्यावर नको हं सोडूस तिला." लेक म्हणाली, "आजी, हा रस्ता माझाच आहे."