अ‍ॅफ्टनच्या वाटेवर

द्वारसभा घेण्यात माझा जन्म गेला. व्यासपीठावरून इतिहास सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु आजचा इतिहास सभा-मिरवणुकांचाच आहे, आणि तो सांगण्यास माझ्यापाशी एक खाजगी कारण आहे.

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात 1978 च्या उन्हाळ्यात रात्रीच्या अंधारात एक टँकर हिंडू लागला. ट्रान्स्फॉर्मरमधले, पीसीबी या विषारी रसायनाने युक्त असे सुमारे 31,000 गॅलन तेल त्याने रस्त्यांच्या कडेला दोनशेहून अधिक मैल सांडले. असले तेल रीतसर नष्ट करण्यास पैसा पडतो. तो वाचवायचा होता. गुन्हेगार सापडले, शिक्षाही झाल्या. पण ती माती खरवडून न्यायची कोठे? सरकारने वॉरन काउंटीतील अ‍ॅफ्टन गाव निवडले. काउंटी म्हणजे आपला तालुकाच समजा. वस्ती बहुतांशी काळ्यांची आणि गरिबांची. पाणी जमिनीखाली थोड्याच फुटांवर, आणि लोक पिणार विहिरीचे! मातीचे गुण पाहून जागा ठरवली असती, तर अ‍ॅफ्टनचा क्रम शेवटी लागला असता.

जानेवारी 1979 मध्ये वॉरेंटन येथे जाहीर सुनावणी झाली, तेव्हा शेकडो लोक लोटले. आरंभी पुढाकार काही गोऱ्या जमीनमालकांचा होता. न्यायालयात ते हरले. मग काळ्यांची चर्च आणि नागरी हक्कांच्या चळवळीत मुरलेली माणसे त्यांना येऊन मिळाली, आणि लढ्याचे रूप पालटले. 15 सप्टेंबर 1982 रोजी ट्रक येऊ लागले. लोक कोली स्प्रिंग्ज चर्चमध्ये जमत, प्रार्थना करीत, गाणी म्हणत आणि मग रांगेने खड्ड्याकडे चालू लागत. म्हातारेकोतारे, बायका, शाळकरी पोरे ट्रकपुढे डांबरी रस्त्यावर आडवी झाली. सुमारे सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक अटका झाल्या. ज्याने संप चालवला आहे त्याला विचारा, सहा आठवडे माणसे रोज घराबाहेर काढणे म्हणजे काय ते!

ट्रक थांबले नाहीत. माती खड्ड्यात गेलीच. परंतु अटक झालेल्यांत वॉल्टर फाँट्रॉय हे काँग्रेसमधील प्रतिनिधी होते. त्यांच्या मागणीवरून सरकारी चौकशी झाली. 1983 च्या अहवालात आढळले की, दक्षिणेकडील आठ राज्यांतील अशा चार मोठ्या खड्ड्यांपैकी तीन काळ्या बहुसंख्येच्या वस्तीत आहेत. 1987 मध्ये एका चर्चसंस्थेने देशभर हीच पाहणी केली. 1994 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ‘पर्यावरणीय न्याया’चा आदेश काढला, 2025 मध्ये तो रद्द झाला. अ‍ॅफ्टनच्या खड्ड्यात पाणी साचल्याचे 1993 मध्ये उघड झाले. माती निर्विष व्हायला 2003 साल उजाडले. खर्च सुमारे 1 कोटी 80 लाख डॉलर.

आता ते खाजगी कारण. आमच्या कामगार वस्तीमागचा नाला आठवड्यात तीनदा रंग बदलत असे. एकदा काही बायका बाटलीत ते पाणी भरून युनियनच्या कचेरीत घेऊन आल्या. पोरांच्या अंगावर खरूज उठते, म्हणाल्या. मी म्हणालो, “ताई, हे नगरपालिकेचे काम.” त्या वर्षीच्या आमच्या मागणीपत्रात एकवीस कलमे होती. पगार, बोनस, गणवेश, चहासुद्धा. नाला नव्हता. बाटली बरेच दिवस खिडकीत होती.