ओली काच आणि काळा दगड

‘देवळं, किल्ले, घाट शूट करायचेत, कुठला कॅमेरा घेऊ?’ हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. मुंबई इलाख्यात तो १८५५ सालीच पडला होता. तेव्हा उत्तर चुकलं तर नुसते पैसे जात नसत, अख्खा मोसम हातचा जाई.

त्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी पुढे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला, त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिशेब मांडला, की जुन्या वास्तूंची नोंद चित्रकाराकडून करून घेण्यापेक्षा कॅमेऱ्याने केली तर कमी वेळात, कमी खर्चात आणि जास्त अचूक होईल. १८५५ मध्ये कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर, बदामी, ऐहोळेच्या कामावर नेमलं गेलं.

बिग्जसमोर मुख्यतः दोन पर्याय होते.

पहिला कागदाचा. रसायन लावलेल्या कागदावर निगेटिव्ह घ्यायची. सामान हलकं, फुटण्याची भीती नाही, आणि कागद आधीच तयार करून नेता येई. पण कागदाचे तंतू प्रिंटमध्ये उतरत, त्यामुळे बारीक कोरीवकाम मऊ दिसे. उजेडही बराच वेळ द्यावा लागे.

दुसरा काचेचा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायचा. तपशील असा सुरेख येई, की दगडावरची छिन्नीची खूण दिसावी. पण काच वाळली की खेळ संपला. त्यामुळे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, स्वच्छ पाणी आणि काचांची पेटी, सगळं देवळापर्यंत न्यायचं. आपल्याकडच्या उन्हात ती काच आणखी लवकर वाळते.

बिग्जने कागद निवडला. इमारत हलत नाही, मग उजेड द्यायला वेळ लागला तर बिघडतं कुठे? आणि मुक्काम बैलगाडीच्या वाटेवरचे असतील, तर काच सांभाळण्यापेक्षा कागद बरा. स्पेसिफिकेशनमध्ये काच सरस होती, पण त्या कामासाठी आणि त्या रस्त्यांसाठी कागद योग्य होता. गंमत म्हणजे त्याच वर्षाअखेरीला लष्कराने बिग्जना परत बोलावलं आणि काम डॉ. पिगू यांच्याकडे गेलं.

आता आमच्या भागाकडे या. मी बेलवलीत राहतो, बदलापूर पश्चिमेला. इथून मुंबईकडे निघालं की अंबरनाथ लागतं आणि तिथे वालधुनीच्या काठी शिलाहारांचं शिवमंदिर आहे. कल्याणवरून खोपोलीकडे जाणारी रेल्वे १८५६ मध्ये सुरू झाली आणि आमच्या भागापुरता वजनाचा प्रश्न बराच सुटला. काचेची पेटी आता गाडीत घालून आणता येणार होती. १८६८ मध्ये सरकारने या मंदिराची रीतसर नोंद करायला घेतली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी आणि त्यांच्या मंडळींनी रेखाचित्रं केली, कोरीवकामाचे साचे घेतले, फोटोही काढले गेले.

फोटो असताना साचे आणि रेखाचित्रं कशाला? कारण काळा दगड त्या काळच्या रसायनांना जड जाई. ती रसायनं निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. निळं आकाश क्षणात जळून पांढरं होई, आणि बेसॉल्टच्या खाचेतली मूर्ती अंधारातच राही. जुन्या फोटोंत आकाश कोरं दिसतं ते यामुळे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राच्या फोटोंसाठी यावर तोड काढली होती : आकाशाची एक निगेटिव्ह, पाण्याची दुसरी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट. तुमचा फोन एचडीआर मोडमध्ये जवळपास हेच करतो, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत.

हे सगळं कशासाठी महत्त्वाचं, ते मंदिराच्या शिलालेखावरून कळतं. भाऊ दाजींनी त्यातलं वर्ष शक ७८२ असं वाचलं, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शक ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे १०६०. एका अंकात मंदिर दोनशे वर्षं पुढे सरकलं. झिजलेल्या दगडावर ७ आणि ९ यांतला फरक कळायचा तर प्रकाश कुठून पडतो, यावर सगळं असतं. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. बाजूने तिरपा उजेड आला की खाचेत सावली भरते आणि रेघ उठून दिसते. हे ज्ञान कुठल्याही लेन्ससोबत डब्यात मिळत नाही.

सरळ उभ्या रेषांचंही तसंच. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत कॅमेरा न कलवता लेन्स वर सरकवता येई, म्हणून खांब सरळ येत. आपण फोन वर कलवतो आणि देऊळ मागे पडल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअर ते सरळ करतं, पण फोटोच्या कडा कापून आणि पिक्सेल ताणून. त्यापेक्षा मागे सरका, अल्ट्रावाइड सोडून मुख्य लेन्स वापरा, स्क्रीनवर ग्रिड लावा. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत सहसा आधी परवानगी लागते, तेवढं विचारून घ्या.

आणखी एक हिशेब या इतिहासात नेहमी राहून जातो. सॅम्युअल बोर्न १८६४ मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्यासोबत ४२ हमाल होते. फोटोखाली नाव बोर्नचं. पाणी आणणारे, तंबू ठोकणारे, काचा वाहणारे यांची नावं तिथे नाहीत. आज तेच ओझं आपल्या खिशात मावतं, म्हणून आपल्याला ते दिसतही नाही.

अंबरनाथचं शिखर पूर्ण उरलेलं नाही. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती दर पावसाळ्यात थोड्या आणखी झिजतात. अशा वास्तूला दर वर्षी नवा कॅमेरा नको असतो, तिला तीच जागा, तीच लेन्स आणि तीच वेळ हवी असते. पावसाळा संपला की एकाच ठिकाणी उभं राहून एकच भिंत टिपा, फिल्टर न लावलेली मूळ फाइल तारखेसह जपून ठेवा, आणि शेजारी मोजपट्टी येईल असा एक फोटो घ्या. दहा वर्षांनी कोणता चेहरा कुठे झिजला, हे कुणी विचारलं तर उत्तर तुमच्याकडे असेल. त्यासाठी आत्ता खिशात आहे तो फोन पुरतो.