वकिलाने आखलेली नगरपालिका

जळकोट नगरपंचायतीचे 17 प्रभाग. लोकांनी निवडलेले नगरसेवक ठराव करतात, सरकारने नेमलेले मुख्याधिकारी ते अमलात आणतात आणि खर्चाचा हिशेब सभागृहापुढे ठेवतात. ही कामाची वाटणी आता सवयीची झाली आहे. तिचा पाया मुंबईत घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांत फिरोजशहा मेहता या वकिलाचं नाव आधी घ्यावं लागतं.

1865च्या कायद्याने मुंबईचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त मंडळींकडे आला. प्रत्यक्षात सगळी सूत्रं कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्याच हाती होती. त्यांनी कामाचा धडाका लावला, मोठा बाजार उभारला, पण खर्च हाताबाहेर गेला. 1871मध्ये करदाते खवळले. कमिशनरचे अधिकार काढून ते एखाद्या समितीकडे द्यावेत, अशी मागणी जोर धरू लागली. त्या वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये 26 वर्षांचे मेहता उभे राहिले आणि लोकमताच्या विरुद्ध बोलले. दोष रचनेत आहे, असं त्यांनी मांडलं. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावा, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा अंकुश हवा. मेहतांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हे भाषण सर्वांत मोलाचं वाटतं. चिडलेल्या लोकांसमोर अधिकाऱ्यावर तुटून पडणं सोपं होतं. त्यांनी टिकाऊ व्यवस्था मागितली.

1872च्या कायद्याने 64 सभासदांची महापालिका आली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. कर न भरणाऱ्याला मत नव्हतं. आपल्याकडचा तांड्यावरून ऊसतोडीला जाणारा मजूर त्या यादीत बसलाच नसता. शिवाय जळकोट तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबईचा कायदा इथवर पोचतच नव्हता. आज तो मजूर मतदार आहे आणि नगरपंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मेहतांच्या आराखड्यात हे नव्हतं, ते पुढच्या लढ्यांनी मिळवलं.

पुढे 1888चा कायदा झाला. कायदे मंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्याच्या मसुद्यावर कसून काम केलं. दुरुस्त्या होत होत मुंबईचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो. मेहता 1884, 1885 आणि पुन्हा 1905मध्ये महापालिकेचे अध्यक्ष झाले. ‘महापौर’ हे पद तेव्हा नव्हतं.

1907मध्ये त्यांना पाडण्यासाठी काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी मोट बांधली. जस्टिसांच्या 16 जागांसाठी मतदान झालं आणि मेहता सतरावे आले. निवडून आलेल्या एकाची निवड रद्द ठरल्यावर ते सभागृहात परतले. त्याच वर्षी त्यांची जुनी मागणीही मान्य झाली: पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी महापालिकेकडे आली.