बोअरची कुळकथा

पावसाळा तोंडावर आला की चेंबूरच्या गल्ल्यांत पर्जन्यवृक्षांची आणि गुलमोहरांची छाटणी सुरू होते. पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉचा आवाज मग दिवसभर कानावर येत राहतो. तिच्या पोटात मुठीएवढे इंजिन असते. ती जुनी होऊन जाड फांदीत दम टाकू लागली, की मालकापुढे दोन वाटा उरतात : नवी घ्यायची, किंवा आहे त्याच मशीनवर मोठा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आणि मोठा पिस्टन चढवायचा.

दुसरी वाट चांगली मळलेली आहे. हस्कवर्ना या स्वीडिश कंपनीच्या जुन्या 365 करवतीच्या सिलिंडरचे भोक 48 मिलिमीटरचे, तर तिच्याच घरातल्या 372 चे 50 मिलिमीटरचे. पिस्टनची खाली-वर धाव दोघींत 36 मिलिमीटरच. म्हणून 365 वर 372 चा सिलिंडर-पिस्टनचा जोड बसवला जातो आणि 65 सीसीचे इंजिन जवळपास 71 सीसीचे होते. भोक दोनच मिलिमीटरने रुंदावले. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे फरक साडेआठ टक्क्यांचा पडतो. कार्बोरेटर मात्र नव्याने लावावा लागतो. पेट्रोल कमी पडले तर नवा पिस्टन तापून पकडतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

या भोकाला गॅरेजवाले ‘बोअर’ म्हणतात. शेतकरी पाण्यासाठी बोअर मारतो आणि मेकॅनिक ब्लॉक बोअर करतो. शब्द एकच, कामही मुळात एकच : कठीण वस्तूत सरळ, गोल भोक पाडणे. इंजिनाच्या बाबतीत हे काम शिकवले तोफेने.

जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे घोडे अडले होते ते सिलिंडरपाशी. ओतीव लोखंडाचे नळकांडे आतून वेडेवाकडे राही, पिस्टनच्या कडेने वाफ निसटे. वेल्समधल्या बर्शम येथे जॉन विल्किन्सनचा लोखंडाचा कारखाना होता. तोफांची नळी कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट त्याने 1774 साली घेतले होते. पुढच्याच वर्षी त्याने वॅटसाठी सिलिंडर कोरणारे यंत्र उभे केले. कोरणारा दांडा सिलिंडरमधून आरपार नेऊन त्याने दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे हत्यार लवकेनासे झाले. वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने नोंदवले आहे की 50 इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक राहत नव्हती. वाफेच्या युगाचे श्रेय वॅटला मिळते. त्यातला मोठा वाटा या दांड्याचा आहे.

हस्कवर्नाचे मूळही शस्त्रातच सापडते. 1689 साली ही कंपनी बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि तिच्या बोधचिन्हात बंदुकीची नळी व नेम धरायची माशी आजही दिसते. करवती तिथे 1959 पासून बनू लागल्या.

चेंबूरकरांना या कुळातली सर्वांत ओळखीची शाखा हार्बर लाइनवर दोन स्टेशने अलीकडे भेटत असे. कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथल्या फियाटचे, म्हणजे पुढच्या पद्मिनीचे, इंजिन 1089 सीसीचे होते. त्याचा वंश इटलीतल्या 1932 च्या फियाट बालिलापर्यंत जातो. बालिलाचा बोअर 65 मिलिमीटर, इंजिन 995 सीसीचे. 1937 साली नव्या रचनेत बोअर 68 झाला आणि 1089 चा आकडा जन्मला. 1957 च्या फियाट 1200 मध्ये तो 72 वर गेला. या तिन्ही इंजिनांत धाव 75 मिलिमीटरचीच राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाने मात्र 68 चा बोअर शेवटपर्यंत सोडला नाही.

कागदावर सोडला नाही, एवढेच. रोज शहर पालथे घालणाऱ्या टॅक्सीचा सिलिंडर झिजून लंबगोल होई, पिस्टनच्या रिंगा तेल धरत नसत, धूर येऊ लागे. मग ब्लॉक उतरवून बोअर करायचा, होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणी, करायचे आणि ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. हे पिस्टन पाव, अर्धा मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मोठे होत जातात. 68 चा बोअर साडेअडुसष्टवर गेला तर इंजिन सुमारे 1106 सीसीचे होते. कोणी ताकद वाढवायला निघालेले नसे. झीज भरून काढताना ती चिमूटभर वाढे. पायऱ्या संपल्या की सिलिंडरात नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, ठोकून पुन्हा 68 वर यायचे. या कारागिरीमागे मोठे कौशल्य आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

चेनसॉला ही सोय नाही. तिचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून क्रोमचा किंवा निकासिल नावाच्या लेपाचा पातळ थर असतो. बोअर करायला गेले तर तो थरच निघून जाईल, म्हणून सिलिंडर-पिस्टनचा अख्खा जोड बदलतात. निकासिल 1967 मध्ये माले या जर्मन कंपनीने आणले, तेही फिरत्या पिस्टनच्या वान्केल इंजिनासाठी.

ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर बहुधा त्याचे माप ठोकलेले असते. गॅरेजच्या भंगारात असा एखादा पिस्टन हाती लागलाच, तर काजळी पुसून तो आकडा वाचा. ते इंजिन किती वेळा पुन्हा उभे राहिले, याचा अंदाज त्यावरून येतो.