देणगी देताय? पावती फाडण्याआधी संस्था कशी तपासायची, ते वाचा

रायगडच्या किनारपट्टीवर दान करायला कुणाला शिकवावं लागत नाही. गणपतीची वर्गणी, सप्ताहातलं अन्नदान, देवळाचा जीर्णोद्धार, मुरूड-म्हसळ्याकडच्या मोहल्ल्यांतली रमजानची जकात, शाळेच्या छपरासाठी मुंबईकर मंडळाने काढलेली वर्गणी, यातलं काही ना काही प्रत्येक घरातून जातंच. बरं, या देण्याला एक पहाराही असतो. पैसे गोळा करणारा कुणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उत्सव संपला की देवळात हिशेब वाचला जातो आणि शंभर रुपये जुळले नाहीत तरी तासभर वाद होतो.

अडचण आली ती मोबाईलमुळे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो, खाली क्यूआर कोड असतो आणि आपण पाचशे रुपये अशा माणसाला पाठवतो, ज्याला कधी पाहिलेलंही नाही. हिशेब विचारायचा कुणाला?

संकटाच्या दिवसांत ही फसगत जास्त होते. आपल्या जिल्ह्याने तीन-चार वर्षांत बरंच सोसलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. जुलै २०२१ मध्ये महाडचा पूर आणि तळियेची दरड, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी मदतीचा ओघ आला आणि त्यातली बहुतेक मदत मनापासूनची होती. पण अशा वेळी माणूस घाईत आणि हळवा असतो, नेमका त्याचाच फायदा भामटे घेतात. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी पीएम केअर्स निधी सुरू झाला, तेव्हा काही दिवसांतच त्याच्या नावाचा बनावट यूपीआय आयडी फिरू लागला. खऱ्या आयडीतलं शेवटचं ‘एस’ हे एकच अक्षर त्यात गाळलेलं होतं. घाईत कोण मोजतं अक्षरं?

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. संस्थेच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. ‘संस्थेचं खातं अजून उघडायचंय, तोवर माझ्या खात्यावर टाका’ हे कारण कितीही गोड वाटलं तरी ऐकू नका. सरकारी निधीला द्यायचं असेल तर फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरून देऊ नका. मुख्यमंत्री सहायता निधीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊनच द्या.

आता संस्थेची नोंदणी. महाराष्ट्रात देवस्थानं, धर्मादाय ट्रस्ट आणि सामाजिक संस्था यांची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय अलिबागला आहे. नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवर किंवा लेटरहेडवर नोंदणी क्रमांक असतो. सामाजिक कामाच्या ट्रस्टचा क्रमांक बहुधा ‘ई’ने आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालच्या संस्थेचा ‘एफ’ने सुरू होतो, पुढे आकडा आणि जिल्हा. हा क्रमांक किंवा नाव धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर टाकून नोंद शोधता येते. फोनवर जमलं नाही तर गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

मात्र नोंदणी म्हणजे काम चांगलं असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. गाडीच्या आरसी बुकसारखं आहे ते. गाडी कुणाच्या नावावर आहे ते त्यावरून कळतं, चालवणारा कसा आहे ते कळत नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न विचारायचाच: गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवता का? नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवणं आणि ते तपासून घेणं बंधनकारक आहे. चांगली संस्था हा प्रश्न ऐकून रागावत नाही, उलट कागद पुढे करते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं, तर समजून जा. देवळातल्या हिशेबाला आपण जो नियम लावतो, तोच यांनाही लावायचा. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

शक्य असेल तर काम डोळ्यांनी बघा. आश्रमशाळा, वृद्धाश्रम, आदिवासी वाडीवरचं काम जिल्ह्यातलंच असेल तर एसटीने जाऊन येता येतं. तिथे राहणाऱ्या लोकांशी दोन शब्द बोललं की माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

गणेशोत्सव, नवरात्र यांसाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळाची कायम नोंदणी नसेल, तर त्याने याच कायद्याच्या कलम ४१-क नुसार तात्पुरती परवानगी घ्यायची असते. गावातल्या मंडळांनी ती घ्यावीच. बाहेरून टेम्पो घेऊन येणाऱ्या अनोळखी पावतीवाल्यांना तर ती जरूर विचारा.

आजारी मुलाच्या मदतीचे मेसेज हा सगळ्यात नाजूक प्रकार. नाही म्हणवत नाही. पण असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात, कधी फोटो एकाचा आणि खातं दुसऱ्याचंच असतं. आधी रुग्णालयाला फोन करा, आणि तो नंबर मेसेजमधला नको, स्वतः शोधलेला हवा. पेशंट तिथे दाखल असेल तर पैसे थेट त्याच्या बिलात जमा करता येतात का ते विचारा. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबई-पनवेलला पेशंट नेलेल्या घरच्यांना आधी हे सांगा. कदाचित तुमच्या हजार रुपयांपेक्षा या माहितीचाच जास्त उपयोग होईल.

वस्तू द्यायच्या असतील तर आधी विचारून द्या. वादळानंतर लोकांना पत्रे, कौलं, ताडपत्री लागते. फाटके कपडे रस्त्यावर ढीग होऊन भिजतात. आणि सगळं पहिल्याच आठवड्यात देऊन मोकळं होऊ नका. निसर्ग वादळात श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या झोपल्या. नवीन लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. टीव्हीवरचे कॅमेरे गेल्यावर, सहा महिन्यांनी येणारी मदत फार कमी असते आणि तेव्हा ती खरी कामाला येते. दरमहा शंभर रुपये एकाच तपासलेल्या संस्थेला दिलेत तर तिलाही पुढच्या कामाचा अंदाज बांधता येतो.

आयकर भरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ८०जी ची सवलत जुन्या करपद्धतीत मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या, पावतीवर संस्थेचा पॅन आहे का बघा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेला कळवा आणि मेसेज, व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट जपून ठेवा. नोंदलेल्या संस्थेच्या कारभाराबद्दल तक्रार असेल तर ती पावतीची प्रत जोडून धर्मादाय कार्यालयात लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर पोचशिक्का घ्यायला विसरू नका.