मंकीपॉक्स आणि माकडताप: नावात माकड, पण आजार वेगळे

दोन्ही आजार विषाणूंचे, दोन्ही मुळात वन्यप्राण्यांतून माणसात आलेले. नावातही माकड आहे, म्हणून आपल्याकडे दोघांची सर्रास गल्लत होते. पण एकात अंगावर फोड उठतात, दुसऱ्यात उठत नाहीत. पसरण्याची रीतही वेगळी, त्यामुळे काळजीही वेगळी घ्यावी लागते.

मंकीपॉक्स (एमपॉक्स)

हा देवीच्या विषाणूचा भाऊबंद. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत तो सापडला, म्हणून हे नाव पडलं. माणसातला पहिला रुग्ण १९७० साली काँगोत आढळला. आफ्रिकेच्या जंगलात खारी, उंदीर असे प्राणी हाताळताना, त्यांचं मांस साफ करताना तो माणसाला लागतो. २०२२ मध्ये मात्र तो माणसाकडून माणसाला, अगदी जवळच्या स्पर्शातून आणि शरीरसंबंधातून जगभर पसरला. भारतात पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात सापडला.

ताप, अंगदुखी, मानेत-जांघेत गाठी आणि पुरळ ही लक्षणं. फोड तळहात-तळपायांवरही येतात, गुप्तांगावरही. कांजिण्यांत सहसा गाठी सुजत नाहीत. सगळ्या खपल्या पडून नवी कातडी येईपर्यंत रुग्णाचा टॉवेल, अंथरूण वेगळं ठेवावं.

माकडताप

हा आपल्या दाराशी आहे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला. पुढे २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण सापडले. माकडं यात स्वतःच मरतात; माणसाला आजार देते ती गोचीड. एका माणसाकडून दुसऱ्याला तो होत नाही.

अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, कधी नाका-हिरड्यांतून रक्त येणं ही लक्षणं. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत धोका जास्त. काजूच्या बागेत, जळणाला किंवा गुरांमागे रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, गोचीड दूर ठेवणारं तेल लावावं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासावं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं.

डॉक्टरांकडे गेल्यावर दोन गोष्टी आपणहून सांगाव्यात: गेल्या काही दिवसांत रानात गेला होता का, आणि अंगावर फोड असलेल्या कुणाच्या जवळ आला होता का. तपासणी कुठली करायची, ते बऱ्याचदा यावरूनच ठरतं.